आवाज लिहून पाठव

बकआय खोरं, केंटकी
२ ऑक्टोबर

प्रिय काका,

आधी बातमी सांगते, मग रडगाणं. गेल्या गुरुवारी आपल्या खोऱ्यातल्या अग्निशमन दलानं मला कॅप्टन केलं. क्लीटस नेपियरचा गुडघा आता चढ म्हटला की नाही म्हणतो, म्हणून त्यानं पद सोडलं. हात वर करायची वेळ आली तेव्हा माझ्या बाजूनं एक हात जास्त पडला. तो कुणाचा, गर्दीत मला दिसलं नाही. क्लीटसचा नव्हता एवढं नक्की. तो म्हणाला, "शाळेची बस चालवणं वेगळं आणि वणव्याच्या तोंडाशी माणसं नेणं वेगळं." मी म्हटलं, "तू कधी चाळीस पोरं भरून बर्फावरनं बस खाली उतरवलीयस का रे?" सगळे हसले. तो नाही हसला.

आता रडगाणं. आपल्या दलाकडं पाठीवर घ्यायचा एकच ब्लोअर आहे, आणि तो सुरू होत नाही. ऑगस्टपासून पावसाचा टिपूस नाही. ओकची पानं गळायला लागलीत, डोंगराच्या धारेवर आत्ताच घोटा बुडतो एवढा पाचोळा झालाय. दाताळ्यांनी जाळरेषा ओढायची, आग अडवायला उघड्या मातीचा पट्टा काढायचा, तर अख्खं दल दिवसभर वाकणार. हा ब्लोअर चालला तर एक माणूस पुढं चालत पाचोळा उडवत जातो आणि मागं उघडी माती राहते. तुम्हाला कशाला सांगतेय मी हे.

काल सगळ्यांसमोर मी दोरी ओढली. ओढली, ओढली, खांदा हातात यायची वेळ आली, पण इंजिनानं साधी खाकरणीसुद्धा दिली नाही. क्लीटस बाकावर कॉफी पीत बसला होता. म्हणाला, "कॅप्टनबाई, बसची चावी लावून बघा." तालुक्याचा दुरुस्तीवाला म्हणतो, ठेवून जा, तीन आठवड्यांनी ये. तीन आठवड्यांत इथलं काय काय जळेल!

तुमच्या दुरुस्तीच्या दुकानाची किल्ली माझ्याकडेच आहे. हत्यारं तुम्ही टांगून गेलात तशीच टांगलेली आहेत. वापरायचं कसं तेवढं सांगा. फोन केला असता, पण डेलिया म्हणते, लेकीनं घेऊन दिलेला मोबाइल तुम्ही मोज्यांच्या खणात घालून ठेवलाय, आणि काढला तरी तुम्हाला ऐकू थोडंच येणार आहे. म्हणून चिठ्ठी.

तुमची,
रोवेना


डेटन, ओहायो
७ ऑक्टोबर

पोरी,

कॅप्टन. हा शब्द तुझ्यासाठी मी एकदाच लिहिणार, नाहीतर टोपी तुझ्या डोक्यात बसायची नाही. तुझी चिठ्ठी मी डेलियाला मोठ्यानं वाचायला लावली. मला ऐकू येत नाही, पण तो शब्द म्हणताना तिचे ओठ कसे होतात ते बघायचं होतं. दोनदा बघितलं.

आता काम. दोरी ओढत बसू नकोस. इंजिन म्हणजे रुसलेलं गाढव नव्हे, ओढून चालत नाही. त्याला पेट्रोल, ठिणगी आणि हवा लागते. यातलं काय मिळत नाहीये ते एकेक करून शोधायचं, तीन ठिकाणी एकदम हात घालायचा नाही.

टाकीचं झाकण उघड आणि वास घे. माझी पैज आहे, आत मागल्या हंगामाचं पेट्रोल असणार. क्लीटस कॅप्टन असताना त्यानं कॉफीच्या कपाखेरीज कुठलीच गोष्ट वेळेवर रिकामी केली नाही. वास रंगाच्या डब्यासारखा आला तर सगळं ओतून टाक. ताजं पेट्रोल घे, त्यात डब्यावर लिहिलंय तेवढं तेल मिसळ. अंदाजानं नको.

मग प्लग काढ. काळा आणि ओला असेल तर इंजिन पेट्रोलनं गुदमरलंय. प्लग बाहेर असतानाच दोरी काही वेळा ओढ, आतलं निघून जाईल. ठिणगी बघायची ती नंतर, पेट्रोलचा डबा लांब ठेवून. प्लग वायरला जोड, त्याचं लोखंड इंजिनाच्या अंगाला टेकव, सावलीत उभी राहा आणि कुणाला तरी दोरी ओढायला सांग. निळी ठिणगी दिसली तर देवाचे आभार मान. पिवळी, मरतुकडी दिसली तर नवा प्लग घाल. हवेची जाळी साबणानं धू.

मुख्य गोष्ट राहिली. आवाज लिहून पाठव. सबंध जन्म मी इंजिनं कानांनी दुरुस्त केली, डोळे नुसते स्क्रू शोधायला होते. आता कान गेले. तेव्हा तुझे कान मला टपालानं पाठव. नुसतं 'बंद पडलं' असं लिहिशील तर मी उत्तर देणार नाही.

आयनाच्या झाडांना सफरचंदं धरली का?

काका


बकआय खोरं
१२ ऑक्टोबर

प्रिय काका,

पैज जिंकलात. टाकीत नाक घातलं तर असा वास, जणू कुणी जुनी खुर्ची रंगवून ठेवलीय. ओतलं सगळं. प्लग कोळशासारखा काळा, वर ओला. नवा घातला. ठिणगी निळी, टपोरी. ती मी दुकानाच्या दारामागं, तुम्ही कॅलेंडर लावायचात त्या कोपऱ्यात बघितली. मला हसू आवरेना.

आणि तो सुरू झाला!

आता आवाज. पहिल्यांदा 'खुक्'. मग 'खुक् खुक्', म्हाताऱ्यासारखा. मग 'फर्रर्र' करून पेटला आणि मंद चालीवर 'पुटपुटपुट' करत छान बसला. पण चाप ओढून वेग द्यायला गेलं की 'भुऽऽ' असा उसासा टाकतो, वाक्य अर्धवट सोडल्यासारखा, आणि 'खॅक्' करून मरतो. चोक अर्धा ओढला की थोडा वेळ तगतो.

क्लीटस म्हणाला, "पुटपुट करून पाचोळा उडत नाही, बाई. तेवढं तर मीसुद्धा करतो." मी त्याच्या हातात दाताळं दिलं आणि म्हटलं, "मग उडव."

आयनाकाकूच्या झाडांना यंदा एवढी फळं आलीत की फांद्यांना टेकू द्यावे लागले. वरच्या पठारीवर चढले की आधी वास येतो, मग झाडं दिसतात. तुमच्यासाठी दोन टोपल्या वाळवून ठेवल्यात. सोबत काकवीची बरणी पाठवतेय. डेलियाला सांगा, पावावर घाला, चमच्यानं नुसती खाऊ देऊ नका.

रोवेना


डेटन
१७ ऑक्टोबर

पोरी,

'वाक्य अर्धवट सोडल्यासारखा.' हे वाचलं आणि मला ते इंजिन ऐकू आलं. खोटं नाही सांगत.

त्याला तहान लागलीय. मंद चालताना घोटभर पुरतं, पळताना पुरत नाही. चोकनं तगतो म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, हवा जास्त होतेय. टाकीत नळीच्या टोकाला बोटाच्या पेराएवढं फिल्टर असतं. तार वाकवून आकडा कर आणि विहिरीतून पोहरा काढावा तसं ते बाहेर काढ. फुंकून बघ. फुंकर पलीकडं जात नसेल तर नवं घाल. नळीला चीर आहे का तेही बघ, वाकवल्याशिवाय ती दिसत नाही. मग कार्बोरेटर. जुनं पेट्रोल त्यात गोंदासारखं बसतं. खोल, पण प्रत्येक तुकडा पांढऱ्या फडक्यावर ज्या क्रमानं निघाला त्याच क्रमानं मांड. दुकानात उजव्या हाताच्या खणात फवारा आहे. तार घालून भोकं मोठी करू नकोस, नाहीतर मी बसनं येईन आणि तुझे कान धरीन.

क्लीटसला दाताळं दिलंस हे झकास केलंस.

मी बरा आहे. इथं सगळं ठीक.

काका


डेटन
१८ ऑक्टोबर

रोवेना,

बाबांच्या पत्रामागून माझंही जातंय, त्यांना न सांगता लिहितेय. 'मी बरा आहे' हे ते आई गेल्यापासून रोज म्हणतात आणि खिडकीतल्या खुर्चीत बसून राहतात. जेवायला या म्हटलं की येतात, झोपा म्हटलं की झोपतात.

गेल्या आठवड्यात कामावरून घरी आले तर माझ्या जेवणाच्या टेबलावर, त्यातही चांगल्या टेबलक्लॉथवर, एक ब्लोअर उघडून पडलेला. समोरच्या दफनभूमीच्या माळ्याकडून मागून आणला म्हणे. म्हणाले, "रोवेनाचं यंत्र याच जातीचं आहे. तिच्या हातात काय येणार ते आधी माझ्या हातात यायला हवं." घरभर पेट्रोलचा वास. मी ओरडणार होते, पण त्यांच्या नखांत काळं बघितलं आणि मला रडू आलं. किती दिवसांनी दिसलं ते काळं!

तेव्हा विचारत राहा बाई. यंत्र सुधारलं तरी विचारत राहा. टेबलक्लॉथचं मी बघून घेईन.

डेलिया


बकआय खोरं
२५ ऑक्टोबर

प्रिय काका,

फिल्टर काढलं ते चिखलाच्या गोळ्यासारखं होतं. नवं घातलं. कार्बोरेटर खोलला, तुकडे पांढऱ्या उशीच्या अभ्र्यावर ओळीनं मांडले, फवारा मारला, उलट्या क्रमानं बसवले. एकही उरला नाही! घरी दोनदा जमिनीवर शोधलं, चुकून उरलाय का ते.

आता तो असा चालतो की काय सांगू. चाप ओढला की 'व्वांऽऽऽ', भोवऱ्यासारखा, स्थिर, आणि दलाच्या ठाण्यामागचा पाचोळा सगळा पलीकडच्या कुंपणाला. दलातला डॉनी आणि बाकीची पोरं शिट्ट्या वाजवत होती. मी ताठ उभी होते काका. फार ताठ.

पण चर्चमध्ये दोन भजनं होतील एवढा वेळ चालला की आवाज पातळ होतो. 'व्वांऽऽ'चं 'व्वीऽऽ' होतं, वर वर चढतं, दम लागल्यागत, आणि मग काही नाही. मी झाकण उघडून बघते, पेट्रोल भरपूर असतं. झाकण लावते, जरा थांबते, दोरी ओढते, की पहिल्या ओढीत सुरू. पुन्हा दोन भजनं. काय म्हणावं याला?

शेजारच्या तालुक्यात डोंगर पेटलाय. आमच्याकडं दुपारी सूर्य तांब्याच्या परातीसारखा दिसतो. खोकल्यामुळं निम्मी पोरं शाळेत येत नाहीत. माझी बस अर्धी रिकामी जाते.

लवकर कळवा.

रोवेना


डेटन
२९ ऑक्टोबर

रोवेना,

पडदा. कार्बोरेटरच्या आत रबराचा एक पातळ पडदा असतो, तो कडक झालाय. गरम झाला की हलत नाही, गार झाला की हलतो. म्हणून थांबलीस की चालतो. नवा पडदा मागव आणि बदल. दुसरं काही असणं शक्य नाही. तू लिहिलंस त्याचा मी दोन दिवस विचार केला. माळ्याचं यंत्र दोनदा खोललं, त्याचाही पडदा असाच होता. हे मी इतक्या यंत्रांत बघितलंय की डोळे मिटून सांगेन.

पडदा येईपर्यंत ते यंत्र डोंगरावर नेऊ नकोस. मध्येच मरणाऱ्या यंत्राच्या भरवशावर माणसं वर न्यायची नसतात. दाताळी घ्या, घाम गाळा. क्लीटस काही म्हणाला तर म्हणू दे.

काका


डेटन
९ नोव्हेंबर

रोवेना,

तुझी चिठ्ठी नाही. टीव्हीवर आपल्या बाजूचे डोंगर दाखवले. डेलिया म्हणते, धुरात कुठलं खोरं ते कळत नाही. मला कळलं. धारेचा तो वाकडा खांदा मी कुठंही ओळखीन. तिनं तुला फोन लावले, लागत नाहीत.

यंत्र गेलं खड्ड्यात. दोन ओळी टाक. एक टाक.

काका


बकआय खोरं
१४ नोव्हेंबर

प्रिय काका,

मी धड आहे. आमच्यातलं सगळं माणूस धड आहे. पत्र उशिरा जातंय, कारण तारा जळाल्या होत्या, पोस्ट बंद होतं, आणि खरं सांगायचं तर लिहायला बसायची माझी हिंमत होत नव्हती. आता सगळं सांगते. मध्ये थांबवू नका.

मंगळवारी दुपारी धारेच्या पलीकडून धूर आला. मी वनखात्याला कळवलं. त्यांची माणसं शेजारच्या तालुक्यात अडकलेली. म्हणाले, संध्याकाळच्या आत कुणी पोचत नाही, जमेल ते करा. वारा आमच्या दिशेनं होता. डोंगराखाली पाच घरं, आणि सगळ्यांत वरचं ओपल आजीचं. मी आधी तिच्याकडं गेले. ती ओसरीत कोंबड्या पेटाऱ्यात भरत होती.

मी म्हटलं, "आजी, चल, गाडीत बस."

"कोंबड्या घेऊन जा. मी इथंच थांबते. या घरात मी लग्न होऊन आले."

"आग लागली तर?"

"तर तू कशाला आहेस? तुला कॅप्टन केलंय ना? मीच हात वर केला होता."

काका, तो जास्तीचा हात ओपल आजीचा होता! दलासाठी दर शनिवारी सूप रांधते म्हणून तिलाही मत आहे, हे मी विसरूनच गेले होते.

आम्ही सहा जण वर चढलो. क्लीटसही आला, गुडघ्याला पट्टा बांधून, काठीऐवजी दाताळं टेकत. पडदा अजून टपालात होता. तरी मी ब्लोअर पाठीवर घेतला. तुम्ही नको म्हणाला होतात. पण तुम्ही तो पाचोळा बघितला नव्हता.

धारेच्या खांद्यावर पोचलो तर आग धार ओलांडून खाली यायला लागलेली. जाळरेषा दोन जागी काढता आली असती. एक वरून, पठारीच्या पलीकडून, झुडपांच्या जाळीतून. ती लांब. दुसरी खालून, ओढ्यापासून ओंडके ओढायच्या जुन्या लाकूडवाटेपर्यंत, उघड्या ओकच्या रानातून. ती आखूड. वरची काढली तर पठारी आत राहते, म्हणजे आयनाकाकूची झाडं वाचतात. खालची काढली तर झाडं आगीच्या बाजूला जातात.

सगळे माझ्याकडं बघत होते. ती झाडं कुणाची ते सगळ्यांना ठाऊक आहे. क्लीटस खाकरला आणि म्हणाला, "कॅप्टन, बोला. कुठनं?"

वरची पुरी होण्याआधी आग आमच्यापर्यंत पोचली असती. निदान मला तसं वाटलं. मी म्हटलं, "खालनं."

सगळ्यांनी दाताळी उचलली. मी यंत्र सुरू केलं आणि ओढ्यापासून निघाले. मागून पाच दाताळी, राहिलेलं साफ करत. 'व्वांऽऽऽ'. पाचोळा दोन्हीकडं उडत होता आणि खाली काळी माती उघडी पडत होती. निम्मं अंतर झालं आणि तो 'व्वीऽऽ' करत मेला.

मी थांबले. नेहमीएवढी थांबले, त्याहून जास्त थांबले. दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. काही नाही. यंत्र हाताला चांगलं गार लागत होतं. आणि तुमचा पडदा तर गार झाला की हलायला हवा होता ना?

काका, तेव्हा माझ्या डोक्यात एकच प्रश्न आला: आज काय वेगळं केलं? खाली दर वेळी बंद पडला की मी झाकण उघडून बघत होते, पेट्रोल आहे का म्हणून. इथं ठिणग्या उडत असताना झाकण उघडायची माझी छाती झाली नव्हती. म्हणजे गार होण्यानं तो चालत नव्हता. झाकण उघडल्यानं चालत होता.

पेट्रोल वर ओढायला दाबतात तो रबरी फुगा बघितला तर आत ओढला गेलेला, बोळक्या तोंडाच्या गालासारखा. मी यंत्र उचलून डॉनीबरोबर आगीपासून लांब, साफ केलेल्या मातीवर पार मागं नेलं. झाकण जरासं फिरवलं. 'स्स्स्'. वास बाहेर आला नाही, हवा आत गेली! टाकी श्वास घेत होती. पेट्रोल जाईल तशी आत हवा यायला वाट लागते, आणि ती वाटच बंद होती. श्वासाची नळी शोधली. तोंडाशी करंगळीच्या नखाएवढा मातीचा लगदा, घट्ट. कुंभारीण माशीनं घर केलं होतं. ठाण्याच्या छपरात त्यांची चिकार घरं आहेत.

काटेरी झुडपाचा काटा मोडून घेतला. पहिला तुटला. दुसऱ्यानं माती निघाली, आत वाळकी अळी होती. झाकण घट्ट लावलं, सांडलेलं काही नाही ना ते पुसून बघितलं, पाठीवर घेतलं. पहिल्या ओढीत.

त्यानंतर तो थांबला नाही. दोन भजनं नाही, चर्चचं अख्खं पुस्तक झालं असतं. लाकूडवाटेला पोचलो तेव्हा आगीची धग गालांना लागत होती. मग आम्ही रेषेवर पांगलो आणि तिची वाट बघितली. ती आली, मातीपाशी थबकली, डावीउजवीकडं बघितल्यासारखी हलली, आणि बसली. एका जागी ठिणगी पलीकडं पडली, तिथं क्लीटसनं दाताळ्यानं बडवून तिचा जीव घेतला. तो ओरडत होता, गुडघ्याला शिव्या देत होता आणि बडवत होता.

पाचही घरं उभी आहेत. ओपल आजीनं रात्री सूप दिलं आणि कोंबड्या मोजल्या.

वनखात्याची माणसं आली. त्यांच्या म्होरक्यानं रेषा सबंध चालून बघितली, मग विचारलं, "कुणी काढली?" क्लीटस म्हणाला, "आमच्या कॅप्टननं."

झाडं गेली, काका. सगळी. फळांसकट. आग पठारीवर आली तेव्हा आम्ही रेषेवर उभे होतो, आणि धुरात भाजलेल्या सफरचंदांचा वास आला. मी तोंड फिरवलं नाही. काकूनं लावलेली होती, कुणीतरी बघायला हवं होतं.

तुम्ही रागवा. मी ऐकून घेईन. पण पुन्हा तशी वेळ आली तर मी खालनंच काढीन, हेही सांगून ठेवते.

रोवेना


डेटन
१९ नोव्हेंबर

रोवेना,

तुझं पत्र मी एकट्यानं वाचलं. मग बाहेर जाऊन आलो. मग पुन्हा वाचलं.

आधी झाडांचं. आयनानं ती लावली तेव्हा डेलिया पाळण्यात होती. मी तिथं कॅप्टन असतो तर वरून रेषा काढली असती. मला माहीत आहे, मी स्वतःला ओळखतो. दुसऱ्या कुणाच्या तोंडाकडं बघितलं नसतं. झाडं वाचली नसती, आणि ओपलही. म्हणून मी नव्हतो आणि तू होतीस, हे बरं झालं. आयना असती तर तिनं हेच म्हटलं असतं, माझ्यापेक्षा चांगल्या शब्दांत. तू तोंड फिरवलं नाहीस, त्याबद्दल तिच्या वतीनं मी तुझा ऋणी आहे. या विषयावर आता माफीबिफी लिहायची नाही.

आता पडद्याचं. डोळे मिटून सांगेन म्हणालो होतो ना? डोळे मिटूनच सांगितलं. 'मी झाकण उघडून बघते' हे तू स्वच्छ लिहिलं होतंस. मी जुनं पत्र काढून बघितलं, तिथं आहे. वाचून पुढं गेलो. तू आवाज लिहिलास, हात काय करत होते तेही लिहिलंस, आणि मला आधीपासून माहीत असलेलंच मी वाचलं. तू मात्र आगीपुढं उभं राहून विचारलंस, आज काय वेगळं केलं. दुकानात माझ्या हाताखाली किती माणसं येऊन गेली, हा प्रश्न मी प्रत्येकाला शिकवायचा प्रयत्न केला. तुला कधी शिकवलाच नव्हता. तू स्वतः आणलास.

मी चुकलो आणि तू बरोबर होतीस. हे वाक्य मी डेलियाला दाखवलं. मग समोर जाऊन माळ्याला दाखवलं. त्याला सगळी गोष्ट सांगायला लागली, तर त्यानं दोन थडगी झाडायची सोडून ऐकली. त्याचे ओठ म्हणाले, "तुमची पुतणी?" मी म्हटलं, "माझी पुतणी. कॅप्टन आहे." हे दुसऱ्यांदा लिहिलं. चालेल.

त्या माशीची घरं छपरातून काढा. सगळी काढा. आणि नळीच्या तोंडाला बारीक जाळी बसव.

काका


बकआय खोरं
२४ नोव्हेंबर

प्रिय काका,

पाऊस झाला. दोन दिवस, शांत, भिजवणारा. आम्ही सगळे ठाण्याच्या दारात उभे राहून येड्यासारखे बघत होतो.

आता एक मागणं आहे. खालच्या तीन खोऱ्यांच्या दलांनी विचारलंय, त्यांचेही ब्लोअर असेच आजारी आहेत. पुढल्या शनिवारी सगळे आपापली यंत्रं घेऊन तुमच्या दुकानात येणार. क्लीटसनं दुकानाचं दार झाडून ठेवलंय आणि बाहेर पाटी लावलीय. मी त्यांना म्हटलंय, शिकवायला माझे काका येतील. डेलियाला सांगितलंय, ती गाडीनं सोडेल. तुमचं कामाचं बाक पुसून ठेवते. याल ना?

रोवेना


डेटन
२८ नोव्हेंबर

कॅप्टन,

शनिवारी मी येणार नाही.

मी आलो तर काय होईल ते ऐक. मी बाकापाशी उभा राहीन आणि सगळी माणसं माझ्याकडं बघतील. म्हातारा आहे, ऐकू येत नाही, हात सराईत आहेत, बघायला मजा येते. तू बाजूला उभी राहून मला स्क्रू देशील. मग ती घरी जाऊन सांगतील, अर्विलनं शिकवलं.

ते नको. त्या दिवशी बाकापाशी तू उभी राहा. सगळं पांढऱ्या फडक्यावर मांड आणि त्यांना सांग कसं शोधलंस ते, चुकलेल्या काकासकट. कुणी मध्येच शहाणपणा केला तर क्लीटसला सांग, तो दाताळं घेऊन उभा असेल.

डेलियाची गाडी रविवारी निघेल. घेवडा शिजत घाल, मक्याची भाकरी टाक. जेवण झाल्यावर मला पठारीवर घेऊन चल. चढ आहे, हात धरायला लागेल. माळ्यानं सफरचंदाची रोपं दिलीत, मुळांना ओली गोणपाटं बांधून. जमीन भिजलीय म्हणतेस, तर लावायला हीच वेळ चांगली.

तुझा,
अर्विल काका